उत्तर येईपर्यंत थांबायला शिकवणारे तायडे सर

उधना या यंत्रमागांच्या वस्तीतल्या एका गाळ्यात भास्करराव तायडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली. वर माग खडखडत होते, खाली आमचे सहा संगणक. माझ्या हातात कोरी पदवी होती आणि डोक्यात बरीच हवा. मुलाखतीत सरांनी एकच विचारले, "चूक झाली तर सांगशील ना?" मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जाते!

पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यासाठी आम्ही मोबाइल ॲप केले होते. कापडाच्या लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवायच्या गठ्ठ्याचा, नंबर टाकला की डेटाबेसमधून त्या रंगाची कृती पडद्यावर यायची. उत्तर यायला वेळ लागतो. माझा कोड मात्र क्षणभर थांबून हाती असेल ते दाखवून मोकळा व्हायचा. ऑफिसात तेवढ्यात उत्तर पोहोचायचे. कारखान्यात नेटवर्क रडतखडत. तिथे नव्या लॉटखाली आधीच्याच लॉटची कृती दिसली. आकाशी व्हायचे कापड मोरपंखी निघाले. कारखान्याच्या शेठनी रंगमास्तर रामदास महाजनांना दोषी धरून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले.

चूक मला दुपारीच सापडली होती. मी गप्प बसले. त्याची आजही लाज वाटते. सरांनी माझा चेहरा पाहून काय ते ओळखले, स्कूटर काढली आणि मला पलसाण्याला नेले. शेठना म्हणाले, "मास्टरने स्क्रीनपे जो दिखा वही डाला. स्क्रीन हमारी है." मग माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले. मास्तरांची नोकरी राहिली. आमचे काम गेले.

परतताना सरांनी कॉलबॅक समजावला. "लॅबला नमुना पाठवला की मास्तर दुसरी कामं बघतात. पण 'चिठ्ठी आली की हाक मार' असं सांगून ठेवतात. हाक आल्याशिवाय रंग ओतत नाहीत. आपल्या कोडनेही तेच करायचं. आणि उत्तर आलंच नाही, तर तसं स्पष्ट दाखवायचं." मला कामावरून काढतील असे वाटले होते; पण काम गेले असूनही दुसऱ्या दिवशी तोच कोड त्यांनी माझ्याकडूनच नव्याने लिहून घेतला.

सरांचा राग तसा विचित्रच. कोड अडला तर शांत असतात. चुकीचा कोड चालून गेला की भडकतात. आमच्यातल्या प्रत्येकाने तो सोसला आहे.

सर साठीचे झाले. त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत, डोळे असेच तीक्ष्ण राहावेत आणि आमच्या चुका काढत त्यांनी शंभरी गाठावी. हा लेख लिहिते आहे, असे परवा महाजन मास्तरांना फोनवर सांगितले. ते अहिराणीत म्हणाले, "सरले सांगजो, मी आजून कामवर शे."