तुटलेली वेलांटी

काल इथे सिडनीत क्वेकर्स हिलच्या इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता आणायला गेले, तर दाराच्या काचेवर लॉकडाउनमध्ये मी केलेलं पोस्टर अजून चिकटलेलं. निळा रंग पार उडालाय, पण ‘किमान दीड मीटर अंतर ठेवा’ वाचता येतं. वाचलं आणि सरांचा फोन आठवला.

सर जर्मन. तिकडे अर्धं आयुष्य नाटकांची पोस्टर्स केली, मग इथल्या युनिव्हर्सिटीत आम्हाला डिझाइन शिकवलं. सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, माझ्या तोंडी मात्र ‘सर’च. त्या दुपारी मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून काम करत होते, गॅसवर डाळ शिजत होती.

“केमिस्टकडे तुझं पोस्टर पाहिलं,” सर म्हणाले. “पहिल्या शब्दातली वरची रेघ तुटलीये. ती छोटी कमान एकटीच उभी आहे. तशीच असते का?”

मी फाइल उघडली. ‘कि’ची वेलांटी ‘क’ला सोडून बाजूला सरकली होती. पण पोस्टर छापून झालं होतं आणि डोक्यावर पुढची कामं होती.

“नो वरीज, सर. लोकांना कळतं.”

“ओके. भाषा तुझी आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर आमचं बोलणं झालंच नाही. सर गेल्याचं ईमेलने कळलं.

त्यांना मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी फोन ठेवून डाळ बघायला उठले होते.