टेपवर नसलेला ढोल

आमच्या ताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, लोकांचे दात करतात. दवाखान्यांतून हिरड्यांचे साचे येतात, त्यावर ताई गुलाबी मेणात एकेक दात बसवतात, घासतात, चमकवतात आणि तयार कवळी डबीत घालून परत पाठवतात. गल्लीच्या टोकाला त्यांची कार्यशाळा आहे. एक खोली, दोन टेबलं, एक नळ आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. म्हातारं माणूस समोर येऊन हसलं की ताई आधी त्याचे दात बघतात आणि मग त्याला ओळखतात.

माझ्या सासऱ्यांची कवळीसुद्धा त्यांनीच केली आहे. बसलीय अगदी फक्कड, पण बाबा तिचा खरा उपयोग करतात तो भांडणात. नको तो विषय निघाला की कवळी काढायची, समोरच्या पाण्याच्या पेल्यात टाकायची आणि ओठ मिटून बसायचं. कवळी पेल्यात पडली की बोलणं संपलं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांच्या हिरड्या दुखत असतील.

नको तो विषय एकच होता. ताईंची शर्यत.

ताई विशीत पळायच्या. पंधराशे मीटर. एका मोठ्या स्पर्धेत त्या अंतिम शर्यतीपर्यंत पोचल्या आणि शेवटच्या वळणावर कुणाचा तरी पाय मध्ये आला नि त्या आडव्या झाल्या. त्या काळी आठवडाभराच्या सामन्यांतले निवडक तुकडे रविवारी संध्याकाळी टीव्हीवर दाखवायचे. समालोचक मुलीचं नाव घेणार म्हणून बाबांनी टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर मांडला होता. ती टेप अजून आहे. तिच्यावर समालोचक ताईंचं नाव घेतो, तेही चुकीचं. मागे एक क्लॅरिनेट वाजत असतं. मग समालोचक म्हणतो, "अरेरे!" सासूबाई ओरडतात, "अगंबाई, पडली!" क्लॅरिनेट पायरी पायरीने खाली उतरत जातं, अगदी तळाला जाऊन थांबतं. सासूबाई म्हणतात, "अहो, राहू द्या ना!" आणि खट्ट. बाबांनी टेपही बंद केली आणि टीव्हीही.

दुसऱ्या दिवशी ताई गुडघ्याला पट्टी बांधून घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मी उठले होते. पूर्ण केली शर्यत."

बाबा म्हणाले, "असेल."

या 'असेल'चा मला इतका संताप येतो की विचारू नका. खोटं बोलतेस म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. 'असेल'शी कोण भांडणार? पेपरात पहिल्या तिघींचीच नावं आली होती. शिकवणारे सर पुढे वारले. बरोबरच्या मुली कुठल्या कुठे पांगल्या. ताईंनी पळणं सोडलं, दातांचं काम शिकल्या, नाव कमावलं, पण ते 'असेल' काही त्यांच्या मनातून गेलं नाही. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, माझी मुलगी खोटं बोलत नाही. त्या गेल्या आणि ताईंच्या बाजूने बोलणारं त्या घरात मी एकटीच उरले, आणि मी तर सून.

गेल्या वर्षी मैदानावरच्या क्लबने ताईंना विचारलं, सकाळी मुलींना पळायला शिकवाल का? ताईंनी जेवताना विषय काढला. चेहरा असा उजळला होता की मी पोळी वाढायची थांबले. बाबा शांतपणे म्हणाले, "अर्ध्यात सोडणाऱ्याने दुसऱ्याला काय शिकवायचं?" आणि कवळी पेल्यात.

मी तिथल्या तिथे बोलणार होते, पण नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. ताई ताट तसंच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून ती टेप काढली, आणि जुना टेपरेकॉर्डरही.

आधी त्यांनी टीव्हीवाल्यांकडे चौकशी केली. तिकडून उत्तर आलं की त्या काळच्या फिती महाग असायच्या, त्यामुळे जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा घ्यायचे. म्हणजे ताईंची शर्यत कुठल्याशा पाककृतींच्या कार्यक्रमाखाली गाडली गेली होती. मला वाटलं, झालं, आता गप्प बसतील. कसल्या बसताहेत!

"चित्र गेलं," ताई मला म्हणाल्या, "पण मागची धून काही त्यांनी माझ्यासाठी बनवली नव्हती. ती कुठेतरी अख्खी असेल."

"असली तर? धून काय साक्ष देणार आहे?"

"ते माहीत नाही. पण ती पुढे कशी जाते ते मला ऐकायचंय. मी तरी कुठे तो कार्यक्रम पाहिला होता? मी तेव्हा बसमध्ये होते."

मग सुरू झाला शोध. गाणं ओळखणारं ॲप असतं ना फोनमध्ये, ते टेपसमोर धरलं. त्याने एकदा अंगाई सांगितली, एकदा विमान कंपनीची जाहिरात, आणि तिसऱ्यांदा सरळ हात वर केले. ताई कार्यशाळेत दात घासता घासता तीच धून गुणगुणायच्या. दवाखान्यातून साचे घेऊन येणारा माणूससुद्धा ती शिटीवर वाजवायला लागला. जेवताना कुणी चमचा आपटला तरी मला क्लॅरिनेट ऐकू यायला लागलं.

इंटरनेटवर अशा वेड्यांचा एक गटच आहे हे ताईंना तेव्हा कळलं. सामन्यांच्या मागे, बातम्यांच्या मागे, हवामानाच्या मागे जे वाजतं ना, तेवढंच शोधणारी माणसं. त्यांच्यातला एक जुना जाणकार फोटोत कायम मफलर गुंडाळून असायचा, म्हणून आमच्या घरात तो 'मफलर' झाला. मफलरने ताईंना समजावलं की असं संगीत दुकानात विकायला कधी येतच नाही. काही कंपन्या ते घाऊक बनवतात आणि तबकड्या टीव्हीवाल्यांकडे पाठवतात. त्यावर गाण्याचं नाव नसतं, काम लिहिलेलं असतं. पाठलाग. कारखाना. वसंत ऋतू. ज्याला जे हवं ते तो काढून लावतो. मफलरने ताईंचा तुकडा गटात सगळ्यांना ऐकवला. कुणालाच ओळखू येईना. एवढं रडकं क्लॅरिनेट आपल्याकडच्या एकाही तबकडीवर नाही, असं त्याने कळवलं.

ताई पहिल्यांदाच खचलेल्या दिसल्या. "बाबांचंच बरोबर," त्या म्हणाल्या. "माझं सगळंच अर्धं राहतं." मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांचा हात धरून नुसती बसून राहिले. नाहीतर गप्प बसणं मला जमत नाही.

त्या दुपारी ताई टेप शेवटची ऐकून ठेवून देणार होत्या. बाबा पलीकडे पेपर वाचत होते, म्हणजे कान इकडेच होते. टेपवर सासूबाई ओरडल्या, "अगंबाई, पडली!" तसा बाबांनी पेपर खाली घेतला.

"ही तुझी आई नाही."

ताईंना कळेना. "म्हणजे काय बाबा? आईच आहे."

"तिचा आवाज इतका जाड नव्हता. बारीक होता. आणि अशी रेंगाळत ती आयुष्यात कधी बोलली नाही. घोडं दामटल्यासारखं बोलायची." बाबांचा स्वर चिरकला. "काहीतरी बिघडलंय त्या यंत्राचं. नीट करून आण. तिला असं नका वाजवू."

मी आणि ताई एकमेकींकडे बघतच राहिलो. एवढे दिवस आम्ही ती टेप ऐकत होतो आणि आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं! ताई तशाच चपला घालून टेपरेकॉर्डर काखेत मारून निघाल्या. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. आतला रबरी पट्टा इतका सैल झाला होता की टेप चालायच्या ऐवजी पाय ओढत होती. नवीन पट्टा घातला, आणि सासूबाई टेपवर आल्या त्या थेट आमच्या सासूबाई होऊन. घरी आणून लावल्यावर बाबांनी ते वाक्य परत ऐकलं, आणि मग परत. डोळे पुसताना त्यांनी चष्म्याला शिव्या दिल्या.

आणि ते क्लॅरिनेट! ते रडतच नव्हतं. चांगलं तुरुतुरु चाललं होतं. ताईंनी नवीन तुकडा पाठवला आणि मफलरचं उत्तर संध्याकाळच्या आत हजर. 'सकाळचा बाजार, भाग दोन.' भाजीबाजाराची दृश्यं आली की मागे लावायला बनवलेली धून. ज्या धुनेपायी आमच्या घरात एवढी वर्षं सुतक होतं ती निघाली कांद्याबटाट्यांची! मी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. ताईच आधी फुटल्या.

मफलरने अख्खी धून पाठवली होती, पण ताईंनी ती ऐकली नाही. रविवारपर्यंत थांबल्या. रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. बाबांनी काय होणार ते ओळखलं आणि आधीच कवळी पेल्यात टाकली.

समालोचक नाही, सासूबाई नाहीत, नुसतं क्लॅरिनेट. पायरी पायरीने खाली उतरलं. तळाला गेलं. थांबलं. आम्ही चौघांनीही श्वास रोखला, कारण आता खट्ट होणार हे आमच्या अंगात मुरलं होतं. खट्ट झालंच नाही. एक ढोल वाजला. मग अजून एक. मग झांजा, तुतारी, सगळा ताफा एकदम उठला आणि धून जी वर चढत गेली ती शेवटपर्यंत खाली आली नाही. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"छान आहे," माझा नवरा म्हणाला, "पण ताई, यातून सिद्ध काय होतं?" हा माणूस वेळ कधी साधणार नाही.

ताईंनी एक नंबर फिरवला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्या कार्यक्रमाचे तुकडे जोडणारे संकलक आता निवृत्त होते. मफलरनेच त्यांना शोधून दिलं होतं. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"नाही हो, आठवत नाही," संकलक म्हणाले. "दर आठवड्याला कितीतरी पळणारे, कितीतरी पडणारे. एकही चेहरा आठवत नाही."

ताईंनी डोळे मिटले. बाबा पेल्याकडे बघत होते.

"पण 'सकाळचा बाजार' लावला होता म्हणता ना? भाग दोन?" फोनमधला आवाज एकदम तरतरीत झाला. "मग तुम्ही उठला होतात."

"कशावरून?"

"अहो, आम्ही आधी धून निवडायचो आणि मग तिच्यावर चित्र बसवायचो. नुसतं पडणं दाखवायला माझ्याकडे दुसऱ्या भरपूर धुना होत्या. ह्या धुनेत थांबल्यावर ढोल आहे. ढोल आहे म्हणजे मला उठणारं माणूस पाहिजे. तुम्ही पडूनच राहिला असतात तर ढोल मी कशावर वाजवला असता? आणि नंतरची ती तुतारी लांबलचक आहे. तेवढ्यात माणूस वळणावरून शेवटच्या रेषेपर्यंत सहज पोचतं."

ताईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

बाबांनी पेल्यात दोन बोटं घातली. कवळी काढली, झटकली, तोंडात बसवली. वाद संपायच्या आत कवळी परत तोंडात गेलेली मी आजवर पाहिली नव्हती.

"मला बघवलं नाही गं," ते म्हणाले. "तू मातीत पडलेली... मी बटण दाबलं. तुझी आई नको नको म्हणत होती. मग तू आलीस आणि उठले म्हणालीस. मला वाटलं, बापाला बरं वाटावं म्हणून सांगतेय. आणि खरं असेल, तर मी काय बंद केलं होतं?" ताई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "कितवी आलीस?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"शेवटची, बाबा. पुढच्या शर्यतीच्या मुली येऊन उभ्या होत्या. रेषा ओढणारा माणूस म्हणत होता, लवकर आटपा."

बाबा हसले. सगळे दात दिसले, ताईंनी बसवलेले. मग त्यांनी फोन स्वतःकडे ओढला आणि ती धून परत कशी लावायची ते मला विचारलं.

"त्या क्लबवाल्यांना काय कळवलंस?" ताईंकडे न बघता ते म्हणाले.

"अजून काहीच नाही."

"मग कळव. अर्ध्यात काय ठेवतेस?"