डिकीवरची एक थाप

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते निव्वळ करमणूक म्हणून. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... चहासोबत बरं वाटतं. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, आणि हे मी वरवर म्हणत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आत्मा, भूत, अंगात येणं या सगळ्याला आमच्या घरात जागाच नाही. त्यात मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षं काम करतेय. काचेखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, असा माझा साधा हिशेब. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं. अजूनही लिहिताना थोडी लाज वाटतेच आहे.

मी सुजाता. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नाही, का नाही केलं ते नातेवाईकांनी विचारून झालेलं आहे. नागपूरला बेसा भागात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. तिथे आम्ही तिघं राहायचो — मी, आई आणि बाबा. माझी लॅब रामदासपेठेत, त्यामुळे रोज सकाळी पावणेनऊला गाडी काढावीच लागते.

आता त्या पार्किंगचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. बिल्डिंगच्या खालीच खांबांच्या मधे गाड्या लावतो आम्ही. माझी जागा पाच नंबरची. नाक भिंतीकडे करून गाडी आत घालायची. उजव्या हाताला जाडजूड खांब, डाव्या हाताला शेजाऱ्यांची ती रणगाड्यासारखी मोठी गाडी. दोन्हीकडे वीतभर जागा. दार उघडून उतरायचं तर पोट आत ओढावं लागतं, आणि माझं पोट काही आत जाण्यातलं नाही. बाहेर काढताना आधी अर्धी गाडी सरळ मागे घ्यायची, मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. मागचा भाग डावीकडे वळला की नाक गेटच्या बाजूला होतं. आणि नेमका त्याच डाव्या कोपऱ्यात, शेजाऱ्यांच्या गाडीच्या मागे, मागचा जिना उतरतो.

ही गाडी काढायला मला बाबांनी शिकवलं. बाबांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं उमरेड-नागपूर फेरीवर. पण बस मागे घ्यायची असली की कंडक्टरच खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि पत्र्यावर थापा मारून ड्रायव्हरला सांगतो. बाबांच्या दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे जागच्या जागी थांब. मी गाडी घेतली तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी खाली येऊन डिकीमागे उभे राहिले.

"गाडी मांगं डोयानं नाही घेत वं सुजू, कानानं घ्या लागते," ते म्हणायचे. "मी हावो ना मांगं. तू फक्त आयक."

आणि खरंच, मी ऐकत ऐकतच शिकले. धप धप... धप धप... आणि मग एक धप्प. त्यांच्या उजव्या हातात चांदीची जाड अंगठी होती, त्यामुळे प्रत्येक थापेत शेवटी एक बारीक 'टक' असायचा. सात वर्षं रोज सकाळी हे चाललं. आमच्या गेटवरचे शेंद्रेकाका तर दोन थापा ऐकल्या की न बघता गेट उघडायचे. बाबांना ते 'कंडक्टर साहेब' म्हणायचे आणि बाबांना ते फार आवडायचं.

मग मी नवी गाडी घेतली. मागे कॅमेरा, सेन्सर, सगळं. पंधरा दिवसांत डिकीवर बारीक बारीक ओरखडे दिसायला लागले... अंगठीचे. त्या दिवशी मला उशीर झालेला, लॅबमधून दोन फोन येऊन गेलेले. मी काच खाली केली आणि बोलून गेले, "बाबा, कॅमेरा आहे आता. काही असलं तरच मारत जा ना थाप. उगाच नका मारू."

ते हो म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून खाली आले नाहीत.

मला वाटलं, चला, सुटले. किती मूर्ख असावं माणसानं. आईनं नंतर सांगितलं की माझी गाडी निघायच्या वेळी ते गॅलरीत उभे राहायचे आणि कठड्यावर हलकेच दोन थापा मारायचे. मला खाली ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. मी एकदाही वर पाहिलं नाही. माफी मागायची राहून गेली, कारण रोज घरातच तर होते ते... मागू कधीतरी, असं वाटायचं. चार महिन्यांनी, मे महिन्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बाबांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचे डेपोतले सोबती आले होते. त्यातले एक ड्रायव्हर मला म्हणाले, तुझे बाबा मागे असले की मी आरशात बघतच नव्हतो. मी तिथून उठून आत गेले. ती अंगठी आईनं लोखंडी कपाटात ठेवली, तिच्या लुगड्यांच्या खाली.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या जानेवारीतली, सोमवारची सकाळ. लख्ख ऊन पडलेलं होतं, हे मुद्दाम सांगते. आदल्या दिवशी मी उमरेडला मावशीकडे जाऊन आले होते. तिकडचा रस्ता खोदलेला, त्यामुळे गाडीच्या मागच्या बाजूवर धुळीचा इतका थर की मूळ रंग ओळखू येऊ नये. कॅमेऱ्याची काचही धुळीनं माखलेली. पुसायचा कंटाळा केला. पडद्यावर नुसतं पिवळट काहीतरी दिसत होतं. आणि सेन्सरचं म्हणाल तर आमच्या त्या जागेत तो कायमच कोकलतो — खांब जवळ आहे, शेजारची गाडी जवळ आहे. रोजच ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतं? मी त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि गाडी काढायची. त्या दिवशीही तेच केलं.

वर काय झालं ते मला माहीत नव्हतं. आईला मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत तिनं खायलाच हवं, हा आमच्या घरातला कायदा. त्या सकाळी तिनं इन्सुलिन घेतलं, पोहे वाढून घेतले, आणि तेवढ्यात तिला ओट्यावर माझा डबा दिसला. मी विसरले होते. पोहे तसेच ठेवून ती डबा घेऊन निघाली. लिफ्ट बंद होती, म्हणून मागच्या जिन्यानं. दोन मजले उतरेपर्यंत तिला चक्कर यायला लागली. शेवटच्या पायरीवर ती बसली आणि बसल्या बसल्या घसरून खाली जमिनीवर आली — पाठ पायरीला टेकलेली, पाय पुढे पसरलेले, मांडीवर डबा. नेमकी त्या डाव्या कोपऱ्यात. शेजाऱ्यांच्या गाडीमुळे मला ती दिसणं शक्यच नव्हतं.

मी अर्धी गाडी सरळ मागे घेतली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. सेन्सर ओरडत होता. क्लच सोडला, गाडी हलली...

धप्प.

एकच. आणि त्यात तो 'टक'.

माझा पाय ब्रेकवर गेला. मी विचार केला नाही, घाबरले नाही, काहीच नाही — पाय गेला. गाडी बंद पडली. पहिल्यांदा आला तो राग. वाटलं, शेंद्रेकाकांनी मारली असेल, आता काय झालं यांना? आरशात पाहिलं, कोणी नाही. उजवीकडून डोकं बाहेर काढलं, तिथेही कोणी नाही. पोट आत ओढून उतरले आणि मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेले.

आई होती. डोळे अर्धवट मिटलेले, कपाळावर घाम, थंडीच्या दिवसांत. मागच्या बंपरचा डावा कोपरा तिच्या पावलांपासून दीड वीत होता. मी नंतर ते अंतर मोजलं. का मोजलं माहीत नाही.

मी हाक मारली की किंचाळले, आठवत नाही. गेटवरून शेंद्रेकाका धावत आले. त्यांच्या हातात त्यांच्या चहाचा स्टीलचा ग्लास होता, साखरेचा नुसता पाक असलेला. तोच आईच्या ओठाला लावला. आई घोट घेत होती, तेवढी शुद्ध होती सुदैवानं. चार घोट गेले, मग आणखी थोडा. दहा मिनिटांनी तिनं मला ओळखलं आणि पहिलं काय म्हणावं? "डबा राहिला होता तुहा."

मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

आईला दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं, तेव्हा शेंद्रेकाका जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "थाप आयकली ना मॅडम, म्हटलं साहेब खाली आलेत, गेट उघडतो..." आणि बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग ग्लास उचलून गेटकडे निघून गेले. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, मीही नाही.

आईला वर नेऊन खायला घातलं, शुगर तपासली, लॅबला येत नाही म्हणून कळवलं. मग मी पुन्हा खाली आले. म्हटलं, आपण शिकल्या-सवरलेल्या आहोत, नीट बघू. वरून काही पडलं असेल? टपावर, जमिनीवर काही नव्हतं. मांजर? माकड? आणि मग मी डिकी पाहिली. उमरेडच्या रस्त्याची धूळ तशीच होती, एकसारखी, जाड. मी स्वतः तिथे थाप मारून पाहिली, तर माझी पाची बोटं त्या धुळीत स्पष्ट उमटली. त्याआधी तिथे काहीच नव्हतं. बोट टेकल्याचीसुद्धा खूण नव्हती.

मग वर जाऊन कपाट उघडलं. अंगठी लुगड्यांच्या खालीच होती, कागदाच्या पुडीत. मी पुडी पुन्हा बांधून तिथेच ठेवली.

आईला मी आठ दिवस काही बोलले नाही. नवव्या दिवशी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा सगळं सांगितलं. आमची आई रडणाऱ्यांतली नाही, आणि या असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली तर नाहीच. तिनं काड्या बाजूला केल्या आणि शांतपणे म्हणाली की सात वर्षांची सवय होती, माझ्या पायानंच ब्रेक मारला असेल आणि कानाला भास झाला असेल. मलाही ते पटण्यासारखं वाटलं. मी स्वतःला आठ दिवस हेच तर समजावत होते. पण मग, मी विचारलं, शेंद्रेकाकांना कसा भास झाला? तोच, त्याच क्षणी?

आईची मेथीची एक जुडी संपली, तिनं दुसरी घेतली.

मग म्हणाली, "तूच त म्हटलं होतं ना वं त्याईले. काही असन तरच मारजा म्हणून."

मला वाटत होतं ते माझं बोलणं आईला माहीत नाही. बाबांनी सांगितलं असणार. तक्रार म्हणून नाही, आईनं तसं नंतर सांगितलं... फक्त, पोरगी असं असं म्हणाली, आता मी खाली नाही जात, एवढंच.

या गोष्टीला माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. आत्मा मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. बाबा असते तर त्यांनीच मला वेड्यात काढलं असतं, की डोकं तपासून घे, तुह्याच लॅबमध्ये. कुणी म्हणेल योगायोग, कुणी म्हणेल मन. म्हणा. मी वाद घालणार नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की मी ऐकलं, आणि माझी आई आज आत भाकरी थापते आहे.

आता मी रोज आधी उतरून मागे बघून येते. कॅमेऱ्याची काच पुसते. गाणी बंद, काच खाली. आई गॅलरीत उभी राहते, मी वर बघते, मगच गाडी सुरू करते. आणि रिव्हर्स टाकला की पाय ब्रेकवर ठेवून क्षणभर थांबते. कान मागे लावून.

त्या दिवसानंतर थाप पुन्हा आली नाही. एकदाही नाही. सुरुवातीला फार वाईट वाटायचं, गेटपर्यंत जाता जाता डोळे भरून यायचे. आता नाही वाटत तसं. थाप आली नाही, म्हणजे मागे काही नाही. मी ब्रेक सोडते आणि गाडी मागे घेते.