लंडनचा दाखला

बाबांना दमा होता, पण ते दम्यानं गेले असं मी आजही म्हणत नाही. आमच्या अंधेरीच्या घरामागं बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामाचा कारखाना होता. त्याचं धुराडं आमच्या कौलांहून जेमतेम उंच. भट्टी पेटली की आई दोरीवरचे कपडे आत घ्यायची आणि बाबा खिडक्या लावून घ्यायचे. तरी काजळी ताटात यायचीच.

कारखाना काकांचा. सख्खे काका नव्हेत, बाबांचे बालमित्र. दोघं मालवणजवळच्या एकाच वाडीतले, एकाच बोटीनं मुंबईला आलेले. बाबा फोर्टात कारकून झाले, काका लोखंडाच्या धंद्यात शिरले. कारखान्याला जागा हवी होती तेव्हा आमच्या मागचं शेत बाबांनीच त्यांना दाखवलं. कारखान्याला लागूनच काकांनी बंगला बांधला आणि आपल्या आईला गावाहून आणलं. तिला आम्ही आजी म्हणायचो.

बावन्न सालच्या दसऱ्यानंतर बाबा काकांकडे गेले. सोबत मी होते. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते.

"धुराडं जरा उंच करून घे रे," बाबा म्हणाले. "झोपलं की श्वास लागतो."

काका बशीत चहा ओतत हसले. "अरे, धुरानं माणूस मरत असता तर लंडनमध्ये कोण उरलं असतं? तिथं घरागणिक धुराडं. त्याच धुरात राहून त्यांनी जगावर राज्य केलं ना? तू सकाळचा फिरायला जात जा."

बाबाही हसले. त्यांना मित्राशी वाद घालता येत नसे. परत येताना ते विजेच्या खांबाला धरून उभे राहिले आणि मी दुसरीकडं बघितलं.

डिसेंबरात बाबा गेले. शेवटचे काही दिवस ते बसूनच होते. आडवं झालं की गुदमरायचे. तेराव्याला काका पंगतीत जेवले आणि आईला म्हणाले, "वहिनी, त्याची प्रकृतीच नाजूक होती."

त्याच महिन्यात लंडनची बातमी आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाचनालय होतं, तिथल्या पेपरात मी ती वाचली. थंडीत हवा कोंडली आणि धूर शहरावर बसून राहिला. भर दिवसा माणसाला आपले पाय दिसेनात. पुढं काही आठवड्यांनी छापून आलं की त्या धुरानं हजारो माणसं गेली, जास्त करून म्हातारी आणि छातीच्या दुखण्याची. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. मला त्या माणसांचं वाईट वाटायला हवं होतं. पण काकांनी ती वाचली असेल का, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग मी रोज वाचनालयात जायला लागले. फेब्रुवारीत हॉलंडचे बांध फुटून समुद्र गावांत शिरला. अमेरिकेत वावटळींनी घरं उचलली. पाऊसकाळात ग्रीसची बेटं भूकंपानं पडली, आणि आपल्याकडं आंध्रात गोदावरीनं गावं बुडवली. त्या वर्षी जगात कुठं काय बुडालं, काय कोसळलं, हे शाळेत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ते कशाला कामी येईल हे मात्र मलाही अजून कळलं नव्हतं.

मधे मे महिन्यात आम्ही शिक्षिका मार्व्याहून तरीच्या होडीनं खाडीपलीकडं मनोरीला सहलीला गेलो होतो. तिथं एका छोट्या बंगलीच्या ओट्यावर मला आजी दिसल्या. काकांनी आपल्या आईला 'हवापालटाला' पाठवल्याचं आमच्या कानावर होतं, एवढंच. आजींनी मला ओळखलं, जवळ बसवलं.

"तुझो बापूस बरो आसा मा?" त्यांनी विचारलं.

बाबा गेल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ माझा हात धरून होत्या. मग आपणहून मुलाबद्दल बोलायला लागल्या. "माझो झील माका खूप जपता गो. गणपतीत माका खोकलो झालो. डॉक्टर म्हणालो, म्हातारेक हयसून हलवा, हो धूर तिका खाईत. तशीच उचलून माका हयसर आणल्यान."

गणपतीत. म्हणजे दसऱ्याआधी. काकांनी बशीत चहा ओतत लंडनचा दाखला दिला, तेव्हा त्यांची स्वतःची आई त्याच धुरापासून लांब मनोरीला होती.

मी आजींना काही बोलले नाही. ते मला वाया घालवायचं नव्हतं. राखून ठेवलं.

वाचनालयाचे अध्यक्ष काकाच होते. दरवर्षी दिवाळीनंतर एक व्याख्यान व्हायचं. त्या वर्षी काकांनीच विषय सुचवला, 'वर्षभरातले निसर्गाचे कोप'. मी बोलते म्हटल्यावर ते खूश झाले. मित्राची मुलगी पुढं येतेय, असं सगळ्यांना सांगत सुटले. व्याख्यान भाऊबीजेनंतरच्या रविवारी ठेवा, असं मी सुचवलं. आजी दिवाळीला घरी येणार हे मला माहीत होतं.

त्या आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मी हॉलंडपासून सुरुवात केली. ग्रीस सांगितलं, गोदावरी सांगितली. व्यासपीठावर काका मान डोलवत होते. "निसर्गापुढं माणूस काय करणार," असं एकदा मोठ्यानं म्हणालेही. मग मी लंडनवर आले.

"हा निसर्गाचा कोप नव्हता," मी म्हणाले. "हवा कोंडली एवढंच निसर्गाचं. धूर माणसांचा होता. धुरानं माणूस मरत नाही, लंडन बघा, असं आपल्या अध्यक्षांनी माझ्या वडिलांना गेल्या वर्षी सांगितलं होतं. दसऱ्यानंतर. माझे वडील डिसेंबरात गेले." मग मी पहिल्या रांगेकडं वळले. "आजी, तुम्हांला मनोरीला कशासाठी नेलं?"

आजींनी मुलाकडं पाहिलं. त्यांना खोटं बोलता यायचं नाही, यावर माझी सगळी भिस्त होती.

"ह्या धुरापायी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरान सांगितल्यान."

"कधी?"

"गेल्या वर्षाच्या गणपतीत."

मी आभार मानले आणि खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजी उठून व्यासपीठापाशी गेल्या. "तुका म्हायत होता?" त्यांनी विचारलं.

"आई, घरी बोलू."

"हयसर बोल."

 काकांचा चेहरा मी अगदी नीट बघून घेतला.

दुसऱ्या दिवशी आजी मनोरीला परतल्या आणि मुलानं येऊ नये असा निरोप धाडला. काका तरी दर रविवारी डबा घेऊन जायचे. आजी दार उघडायच्या नाहीत. हे मला मनोरीहून येणारी कोळीण सांगायची. मासळीबरोबर मी तिच्याकडून ती बातमी घ्यायचे, आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे. वाचनालयानं अध्यक्ष बदलला. गल्लीतल्या बायका काकांकडे हळदीकुंकवाला जाईनाशा झाल्या.

पुढच्या थंडीआधी धुराडं उंच झालं. बांबूंचा पहाड बांधून गवंडी काम करत होते आणि आई अंगणातून बघत होती. "झालं बाई एकदाचं," ती म्हणाली.  झालं, म्हणजे करता येत होतं. माझा राग त्या दिवशी निवायच्या ऐवजी दुप्पट झाला.

त्यानंतर काका एकदा आमच्या दारात आले. खूप वाळले होते. "पोरी, तू एकदा मनोरीला जा. आईला सांग, मी धुराडं वाढवलंय. तुझं ती ऐकेल."

"बाबांनी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत का?" मी म्हणाले.

आईनं आतून चहा आणला. मी तिच्या हातून कप घेतला आणि मोरीत ओतला. काका उभ्या उभ्याच गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आजी श्रावणात मनोरीलाच वारल्या. खाडी खवळलेली होती, तरीची होडी बंद होती. लांबच्या वाटेनं काका पोचले तोवर सगळं उरकलं होतं. निरोप कळताच आई पदर सावरून काकांना भेटायला निघाली. दारात थांबून तिनं मागं बघितलं, मी उठते का म्हणून.

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.