बद्द वाजणारं कपाट

माझ्या मामांना कशाचीही प्रत ठरवल्याशिवाय चैन पडत नसे. नाण्यांच्या छंदाने लावलेली ही खोड. अव्वल, उत्तम, बरं आणि झिजलेलं अशा त्यांच्या चार पायऱ्या, आणि त्या फक्त नाण्यांपुरत्या ठेवाव्यात हे त्यांना कधी सुचलं नाही. त्यांच्या थोरल्या मुलीने लग्नासाठी ठरवून घरी आणलेला मुलगा त्यांनी 'उत्तम' ठरवला, पण घासूनपुसून जरा जास्तच चकचकीत केलाय, अस्सल माल असा नसतो, असं त्याच्या आईदेखत म्हणाले. तरी लग्न झालं, ते मामीमुळे. त्यांच्याच घरी राहणारा मी 'बरं'मध्ये मोडतो. कडा शाबूत आहेत, एवढंच माझं कौतुक.

मामा छापखान्यात यंत्र चालवायचे. निवृत्त झाल्यावर नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाने त्यांना पारखी नेमलं, आणि रविवारी सकाळी लोक आपापली चांदीची नाणी घेऊन घरी येऊ लागले. मामा वजन करत, लोहचुंबक लावत, भिंगातून कडा न्याहाळत. पण शेवटचा शब्द आवाजाचा. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं आणि पेन्सिलीने हळूच टिचकी द्यायची. बारीक खणखणलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. त्या वेळी घरात पंखा बंद, मिक्सर बंद, आणि शिंक आलीच तर जिन्यात जाऊन द्यायची.

मग एका रविवारी शिंप्याचं नाणं बद्द वाजलं. पुढच्या खेपेला शाळेच्या मुख्याध्यापिकेचं, त्यानंतर मंडळाच्या अध्यक्षांचं. मामा एकेकाचं नाणं सरळ तोंडावर खोटं ठरवत गेले. लोक बोलेनासे झाले, तसे मामा हट्टाला पेटले. शेवटी त्यांनी आपलं कपाट उघडलं. उभ्या आयुष्यात स्वतः जमवलेली नाणी एकेक करून वाजवली. सगळी बद्द.

वजन बरोबर होतं, चुंबक चिकटत नव्हता. पण मामांचा विश्वास कानांवर. तराजूच बिघडला असणार म्हणाले. "आपलंच नाणं खोटं, मग दुसऱ्याला काय बोलायचं," असं पुटपुटत त्यांनी भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. जेवले नाहीत. मला त्यांची खरंच दया आली, आणि मी सहसा त्यांच्या वाटेला जात नाही.

मामीने पोळपाट बाजूला सारला, हात पुसले आणि एक नाणं बोटावर तोलून टिचकी मारली. मला स्वयंपाकघराबाहेर ऐकू आलं.

"नाणी खणखणीत आहेत," ती मामांच्या कानाशी ओरडली. "कान बद्द झालेत तुमचे."

भंगारवाल्याला मीच परत पाठवला. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्राच्या धडधडीने कान खाल्लेत, बारीक आवाज आधी जातात. मामांनी बाईंना 'बरं' दिलं आणि कानाला यंत्र लावून घरी आले. आल्याआल्या त्यांना नळ गळतोय हे कळलं, पंखा कुरकुरतो हे कळलं, आणि मी जेवताना मचमच करतो हेही. मी 'झिजलेलं'वर घसरलो.

मग पंखा बंद करून त्यांनी कपाट रिकामं केलं. एकेक नाणं खणखणलं आणि मामा सगळ्यांदेखत रडले. त्याच भरात त्यांनी एक नाणं उचललं, जे आजवर कधी वाजवलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मामीने हौसेने आणून दिलेलं. बायकोच्या भेटीची पारख करायची नसते, एवढी अक्कल त्यांनाही होती. त्या दिवशी आनंदात तीही राहिली नाही. टिचकी बसली.

बद्द. दारातून मलाही ऐकू आलं. मामी ओट्याशीच उभी होती.

मामांनी कानातलं यंत्र काढलं, रुमालाने पुसलं, परत बसवलं. खोट्याला खरं म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं, जावयाच्या बाबतीतसुद्धा.

"अव्वल," ते म्हणाले.

"परत वाजवा बघू," मामी म्हणाली.

"नको. उगाच झिजेल."

मामीचे कान शाबूत होते. तिने पंखा सुरू केला आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.