लिंबाखालची वेडेलिया

आमच्या दोन एकरात झाड असं नव्हतंच. मुरमाड रान, बांधाला बोरीची काटेरी झुडपं. माय वर्षभर लोकांच्या हळदीत खुरपायला जायची, बाप दुसऱ्यांच्या शेळ्या राखायचा. माझ्या परीक्षेच्या महिन्यात माय मला खुरपायला नेत नसे. माझ्या मजुरीचा रोज बुडायचा आणि त्या महिन्यात वरण पातळ व्हायचं. मी पास व्हायचे. असं करत वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं आधी कोणी गेलेलं नाही, हे मला कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.

डिग्रीनंतर हिंगोलीत माझ्याच कॉलेजात प्रयोगशाळेत तात्पुरती लागले. तात्पुरती म्हणजे, कॉलेजला सुट्टी लागली की आपण नाही.

कॉलेजसमोर कडुलिंबाची चार मोठी झाडं आहेत. त्यांच्याखाली दरवर्षी लॉन लावायचे, ते दरवर्षी मरायचं आणि दरवर्षी माळी बदलायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर तपासणीची समिती येणार होती. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"समिती येईपर्यंत हे हिरवं करून दाखवा. बागेची कायम जागा रिकामी आहे. तुमचं नाव पाठवतो."

"गवत सावलीत येत नाही, सर."

"मग जे येतं ते लावा."

सावलीत येते वेडेलिया. बुटकी, जमिनीसरपट पसरणारी, बारा महिने हिरवी. सावलीत पिवळी फुलं कमी येतात, पण पानं जागा सोडत नाहीत. कळमनुरीकडच्या एका रोपवाटिकेतून मी दोन पोती वेल कापून आणले. बसमध्ये कंडक्टरनं पोत्यात हात घालून पाहिलं.

"कशाचा पाला हाय?"

"शोभेचा."

"शेळ्या खातेत का?"

"न्हाई."

"मंग काहून नेऊन राहिल्या?"

मी पोत्याचं तोंड बांधलं आणि तिकिटाचे पैसे पुढं केले.

मी दोरी धरून, वीत-वीत अंतरावर, एकेक काडी उभी लावली. महिनाभरात सगळ्या जगल्या, पण मधली माती दिसायची ती दिसतच होती.

तेवढ्यात बाजाराच्या दिवशी माय आली. मी तीन वर्षं शिकले तेव्हा ती एकदाही कॉलेजात आली नव्हती. आपलं तिथं काय काम, म्हणायची. मी तिला लिंबाखाली बसवलं आणि प्रॅक्टिकल घ्यायला आत गेले. तिच्या पिशवीत लोहाराकडून धार लावून आणलेलं खुरपं होतं.

दोन तासांनी बाहेर आले. चारही लिंबांखाली जमीन स्वच्छ. इतकी चोख खुरपणी मी हळदीतसुद्धा पाहिली नव्हती. चार ढीग घालून माय हात झटकत होती.

"लई तण माजलं होतं बाई. येवढं मोठं कॉलेज, अन् एक बाई मिळंना खुरपायला?"

"माय, ते मी लावलं होतं."

"तण?"

"व्हय."

"लाइनीत होतं खरं," ती म्हणाली. "मला वाटलं, इथलं तण बी शिकलेलं हाय."

"त्याच्यावर माझी नोकरी हाय."

मग ती हसली नाही. ढिगातला एक वेल उचलून तिनं त्याच्या पेरांवरचे डोळे पाहिले. एकेका डोळ्याला बारीक मुळ्या फुटलेल्या होत्या.

"हे तं रताळ्याच्या येलासारखं हाय. याला उभं कुणी लावतं का? आडवं निजव. डोळे मातीत दाब, शेंडा वर ठेव. पुस्तकात उभं होतं का?"

पुस्तकात अंतर दिलं होतं. उभं-आडवं दिलं नव्हतं.

ढिगांवर पाणी मारून आम्ही लगेच लागलो. माय दोन दिवस राहिली, तिचे दोन रोज गेले. लिंबाचा कुजका पाला मातीत मिसळला, लिंबांच्या मुळांच्या मधे पोयटा, म्हणजे गाळाची माती, भरला आणि वेल आडवे निजवत गेलो. दुसऱ्या दिवशी प्राचार्य येऊन उभे राहिले.

"ह्या कोण?"

"माझी माय आहे, सर. लावणीतलं तिला कळतं."

"मग आधीच का नाही आणलं?"

खुरपल्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात पानं पिवळी पडली. मी सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी देत होते आणि दुसरी नोकरी कुठं मिळेल याचा विचार करत होते. दुसऱ्या आठवड्यात डोळ्याडोळ्यातून फूट निघाली. दिवाळीपर्यंत माती दिसेनाशी झाली.

समितीत तिघं होते. एकानं विचारलं, "याला पाणी फार लागतं का?"

"लॉनपेक्षा कमी."

त्यानं ते लिहून घेतलं आणि तिघंही चहाला गेले.

कायमची ऑर्डर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हातात आली. आज त्या चारही लिंबांखाली बारा महिने हिरवं असतं आणि बागेची कायम नोकरी माझ्याकडे आहे.