देवीच्या दंडातला व्हॉल्व्ह

आमच्या परळीच्या नवरात्र मंडळाकडे देवी आणि महिषासुराचा जुना हलता देखावा आहे. मूर्तींचे हात टाकीतल्या हवेच्या दाबावर हलतात. आतले व्हॉल्व्ह सांभाळायला थर्मल वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक फिटर दरवर्षी येतात. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. आले की चप्पल काढतात आणि मूर्तीच्या पाठीला कान लावून हवा कुठून सुटते ते ऐकतात.

यंदा घटस्थापनेच्या सकाळी देवीचा त्रिशूळ वर जाईना. महिषासुर मात्र मजेत तलवार फिरवत होता. काकांनी व्हॉल्व्ह उघडला आणि चिकट झालेलं बोट माझ्यासमोर धरलं.

"ह्यात काय घातलंत?"

"समईचं तेल. देवीला मशीनचं कसं घालायचं?"

"आन् ह्या राक्षसाला?"

"मशीनचं."

काका पोट धरून हसले. मग त्यांनी व्हॉल्व्ह रॉकेलनं धुतला आणि पातळ तेलाचे दोनच थेंब सोडले. त्रिशूळ अलगद वर गेला. मी हात जोडले.

काका महिषासुराकडे वळले. एव्हाना ऊन चढून फरशी तापली होती. मी म्हणालो, "आता तरी चप्पल घाला, काका. हा राक्षस आहे."

"कावून? कशाला घालू? वारा दोघान्लाबी एकाच टाकीतून येतोय की," असं म्हणून त्यांनी अनवाणीच त्याच्या पाठीला कान लावला.